खोक्यातली गुंतवणूक

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो आमच्या शाळेच्या पडवीत गुडघ्यांवर बसून एका लाकडी खोक्याच्या फटीला नाक लावून हुंगत होता. आत लेथ मशीन होतं, मुलांना कारागिरी शिकवायला सरकारने पाठवलेलं. शाळेत वीजच नव्हती, म्हणून खोकं कधी उघडलं नाही.

"छी," तो उठत म्हणाला, "उंदरांनी मुतून ठेवलंय, बाई. आणि याला आम्ही देशाची गुंतवणूक म्हणतो."

मुलांनी त्याच दिवशी त्याचं नाव नाकसाहेब ठेवलं.

तो आकडेवारी खात्यात होता, सरकारी यंत्रांची नोंद घ्यायला आला होता. पुढे आमच्या शेजारच्या सरकारी घरात, तळमजल्यावर राहायला आला. आई अंथरुणाला खिळलेली. ऑफिसातून आला की बाह्या दुमडून तिचं अंग पुसायचा, कूस बदलून द्यायचा. तिथे मात्र त्याच्या नाकाची कधी तक्रार नसे.

त्या वर्षी त्याच्याकडे एक तक्ता आला. आपला देश आणि शेजारचा, दोन्ही चिमुकले, दोन्ही गरीब. यंत्रं, रस्ते, इमारती यांत कोणी किती पैसा घातला, याची तुलना करायची होती.

"त्यांच्याकडे यंत्र सुरू झालं की मोजतात," त्याने मला सांगितलं. "आपल्याकडे बंदरात उतरलं की. म्हणजे ते जेवून ढेकर देतात, आपण ताट पाहूनच."

तक्त्याखाली एवढी एक ओळ त्याला घालायची होती. ओळ नसली तर आपण पुढे दिसत होतो. असली, तर वाचणाऱ्याला कळलं असतं की आपल्या आकड्यात गोदामात गंजणारी यंत्रंही धरली आहेत.

एका संध्याकाळी त्याचे साहेब फळं घेऊन आले. मी त्याच्या आईपाशी, आजींपाशीच बसले होते.

"काय आजी, तळमजला बरा पडतो ना? नाहीतर सीमेवरच्या ऑफिसात माणूस हवाच आहे. तिथे दवाखाना नाही म्हणतात." मग त्याच्याकडे वळून, अगदी मायेने, "ती ओळ तेवढी काढून टाका. लोक उगीच गोंधळतात."

"साहेब, तुमची माया उतू चाललीय," आजी म्हणाल्या, "फळं मात्र डागी आणलीत."

साहेब हसले आणि निघून गेले. मला हात धुवावेसे वाटले.

"मला घाल गाडीत आणि चल," आजी त्याला म्हणाल्या. "मरायला काय, कुठलंही गाव चालतं."

"तू गप पड," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ काढली. आपण शेजाऱ्याच्या पुढे गेल्याची बातमी छापून आली, खात्याने मेजवानी दिली, आणि तेवढ्या जोरावर आणखी यंत्रं मागवली गेली.

"सगळ्या जेवणाला तो उंदरांचा वास येत होता, बाई," तो मला म्हणाला. "तरी दोनदा वाढून घेतलं."

मला त्याची किळस आली. पण आत आजींनी हाक मारली, तसा तो बाह्या दुमडत उठला, आणि ती किळस मला धड धरूनही ठेवता येईना.

दोन वर्षांनी आजी गेल्या. आता तो त्या खात्याचा प्रमुख आहे. तक्ता दर वर्षी त्याच्या सहीने निघतो आणि त्याखाली ती ओळ नसते.