जांचवाली बाई

कुणाच्याही घराची तपासणी करायला निघाल्या की बाई आधी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून मोठ्यानं सांगायच्या, "मी सरकारातून आलेय हो! जांच करायला आलेय!" आणि मग त्या घराकडे पाठ करून, हातातल्या कागदांनी वारा घेत चांगली पाच-सात मिनिटं उभ्या राहायच्या. तेवढ्या वेळात ज्याला जे लपवायचं असेल ते लपवून होई. पितळेची परात खाटेखाली सरके, धड असलेली एखादी चादर शेजारच्या घरात पोचे, बायको गळ्यातलं काढून डाळीच्या डब्यात टाके. मग बाई वळून विचारायच्या, "झालं? येऊ का आत?"

पहिल्या दिवशी हे बघून मी चक्रावलेच. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मदत कार्यालयात हंगामी कारकून म्हणून नुकतीच लागले होते. नियमांची छापील पुस्तिका मी दोनदा वाचून आले होते. मी म्हटलं, "बाई, अशानं ते सगळं लपवतील ना!"

"लपवू देत की. ज्याच्याकडे लपवण्यासारखी एक परात उरलीय, ती मी कागदावर कशाला चढवू? परात काय शिजवून खायचीय त्याला?"

इंदूरच्या गिरण्यांच्या वस्तीत त्यांना सगळे 'जांचवाली बाई' म्हणत. कार्यालयात आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो. नवरा होळकर दरबारच्या नोकरीत होता, तो लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मग बाई मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्या आणि संस्थान जाऊन मध्य भारत हे राज्य झालं तेव्हा कुणाच्या तरी सहीनं आमच्या खात्यात आल्या. राजवाड्याच्या मागे एका खोलीत एकट्या राहायच्या. उंच, हडकुळ्या, आणि चालायला लागल्या की मला अक्षरशः पळावं लागे.

योजना अशी होती. एका गिरणीचं एक खातं बंद पडलं होतं आणि पुष्कळ माणसं एकदम घरी बसली होती. अशा घरांना, विकण्याजोगं काही उरलं नाही अशी जांच झाल्यावर, सरकार तीन महिने रोख मदत देणार. त्या बदल्यात घरातल्या एका धडधाकट माणसानं रोज आमच्या काम केंद्रात येऊन शिवण शिकायचं. शिकणं पुरं झालं की हप्त्यानं शिवणयंत्र मिळणार. महिन्यात चार दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं की मदत बंद. तीन महिन्यांवर मुदत हवी असेल तर वरून मंजुरी. कागदावर वाचताना मला हे सगळं फार छान वाटलं होतं.

केंद्रात यंत्रं आठ होती, त्यातली चालू तीन. उरलेल्या पाचांची दुरुस्ती करायला माणूस मागवायचा तर त्यालाही मंजुरी लागे. तरी बायका शिकल्या. पिशव्या, बंड्या, लहान मुलांचे झगे शिवून झाले आणि मागच्या खोलीत थप्पी लागली. ते विकायचं कुणी, याबद्दल पुस्तिकेत एक ओळ नव्हती. शेवटी बाईच गाठोडं घेऊन राजवाड्यावरच्या कापडवाल्यांकडे हिंडल्या. मी बरोबर होते. एक दुकानदार झगा उलटासुलटा करून म्हणाला, "बाईजी, सिलाई तो एक नंबर है. पण सरकारी माल म्हटला की गिऱ्हाईक फुकट मागतो. मी काय करू?"

"तुम्ही सरकारी म्हणूच नका. गेंदाबाईनं शिवलंय म्हणा."

"कोण गेंदाबाई?"

"तेच तर! नाव नाही सांगितलं तर कळणार कसं कोण ते?"

दुकानदार हसला, पण झगा त्यानं परत दिला. त्याच वर्षी सरकारी शाळांतल्या मुलांचे गणवेश शिवायचे होते. बाईंनी तीन पत्रं लिहिली की हे काम आमच्या केंद्राला द्या. काम एका ठेकेदाराला गेलं. ती बातमी आली त्या दिवशी बाई पेन्सिलींना टोक काढत बसल्या. राग आला की त्या नेहमी तेच करायच्या. पातं घेऊन सावकाश, एका पेन्सिलीला, मग दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावरच्या सगळ्या पेन्सिली बोटभर झाल्या होत्या.

पेन्सिली सर्वांत जास्त संपायच्या त्या हिवाळ्यात. आमच्या राज्याला राजधान्या दोन होत्या. उन्हाळ्यात सरकार इंदूरला असे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. सरकार गेलं की त्याच्या मागोमाग पेट्या भरभरून फायलीही जायच्या. मुदतवाढीचा अर्ज कार्तिकात केला की त्यावर सही व्हायची ती फाल्गुनात, आणि मदत तर मुळात तीनच महिन्यांची. बाई आमच्या साहेबांना म्हणायच्या, "साहेब, सरकार थंडीचं ग्वाल्हेरला जातं ते ठीक. ह्या लोकांची भूक पण घेऊन जात जा म्हणावं."

साहेब वाईट नव्हते. ते कपाळ चोळत म्हणायचे, "बाई, मी काय करू सांगा. माझ्या हातात काय आहे?" आणि खरंच त्यांच्या हातात काही नव्हतं. मला तेव्हा त्याचाच जास्त संताप यायचा. ओरडावं असं कुणी सापडतच नसे.

गेंदाबाई आमच्या केंद्रातली सर्वांत हुशार बाई. मूळची गौतमपुऱ्याकडची, नवरा गिरणीत विणकर होता. दोन लहान मुली. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा झगा हातात घेऊन बघितला की ती तसाच कापायची. बाईंचा तिच्यावर जीव होता. "हिला यंत्र मिळालं ना, की ही सहा महिन्यांत दुसरीला कामावर ठेवेल," असं त्या म्हणायच्या. गेंदाबाईचे तीन महिन्यांतले दहा आठवडे पुरे झाले होते. यंत्राच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं.

हजेरी मी घ्यायचे. माघात गेंदाबाई पाच दिवस आली नाही. महिन्याची यादी करताना मी तिच्या नावापुढे 'गैरहजर, पाच' असं लिहिलं आणि यादी साहेबांकडे पाठवली. त्यात मी काही केलंय असं माझ्या मनातही आलं नाही. नियम होता, आणि मी तो पाळला. मदत बंद झाली आणि यंत्राच्या यादीतूनही नाव गेलं.

बाईंना आठवड्यानं कळलं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. इतकंच म्हणाल्या, "कुसुम, चप्पल घाल. चल."

गेंदाबाईच्या गल्लीशी पोचल्यावर बाईंनी नेहमीसारखी हाक दिली आणि पाठ फिरवली. आतून लगेच आवाज आला, "आ जाओ बाईजी. अब छुपाने को बच्यो कई?"

खोलीत एक गोधडी, एक पातेलं आणि कोपऱ्यात उकिडवा बसून खोकणारा तिचा नवरा. त्याच्या छातीचा आजार वाढला म्हणून ती पाच दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी होती. धाकटी मुलगी बाईंच्या पदराशी खेळत होती. बाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता विचार हिला, पाच दिवस का नाही आली ते. फॉर्मात 'कारण' म्हणून रकाना आहे ना? भर तो."

मी विचारलं. गेंदाबाईनं सांगितलं. मला लिहवेना. गेंदाबाईलाच माझी दया आली असावी. ती म्हणाली, "आपको दोस नी है बेनजी. आपने तो जो था वोई लिख्यो."

आम्ही अर्ज केला. साहेब म्हणाले की एकदा बंद झालेली मदत चालू करायची तर मंजुरी ग्वाल्हेरहूनच यायला हवी. बाईंनी टपालाची वाट बघितली नाही. स्वतःच्या खर्चानं, रजा टाकून, गाड्या बदलत ग्वाल्हेरला गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला फार सांगितलं नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवत होते, एवढंच. एका अधिकाऱ्यानं विचारलं म्हणे, "एका बाईसाठी एवढ्या लांब आलात?" बाई म्हणाल्या, "सगळ्यांसाठी आले असते तर तुम्ही भेटला असता का?" चौथ्या दिवशी त्या हुकूम घेऊन परत आल्या. मदत पुन्हा तीन महिने चालू, यंत्रही मंजूर. त्या दिवशी त्या कार्यालयात हसत शिरल्या. त्यांना तशा हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी आम्ही वस्तीत गेलो तर खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. भाडं थकलं म्हणून मालकानं काढलं होतं. शेजारीण म्हणाली, "गाम चली गई भाई के यां."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही गौतमपुऱ्याला गेलो. गेंदाबाई गावाबाहेर दुसऱ्याच्या शेतात गहू कापत होती. बाईंनी बांधावर उभं राहून हुकूम वाचून दाखवला. तिनं विळा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि कागद हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "तीन महिना तो निकल जायगा बाईजी. चौथे में फेर कहाँ जाऊँ?"

"तोवर यंत्र मिळेल ना तुला!"

"मसीन रखूँगी कां? कोठरी तो गई. इनको इधर दो टैम रोटी मिल री है." तिनं दूर झाडाखाली बसलेल्या नवऱ्याकडे मान वळवली. "आप पंदरा दिन पैले आते तो मैं नाचती आती."

यंत्र गौतमपुऱ्याला देता आलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण नियमाप्रमाणे माणूस इंदूरचा रहिवासी हवा. बाईंनी तेही मागून पाहिलं. उत्तर आलं नाही.

वर्ष संपलं तेव्हा योजनेचा अहवाल करायचा होता. मदत बंद होण्याची कारणं तीन रकान्यांत लिहायची होती. मुदत संपली, अपात्र ठरले, स्वावलंबी झाले. साहेबांनी वस्ती सोडून गेलेली सगळी घरं तिसऱ्या रकान्यात घातली. त्यात गेंदाबाईही होती. बाईंनी ते वाचलं आणि कागद परत टेबलावर ठेवला.

"मी सही करणार नाही."

साहेब खरंच काकुळतीला आले. "बाई, समजून घ्या हो. अहवाल चांगला गेला तर योजना पुढच्या वर्षी चालू राहील. नाही तर बंद. तुम्हाला काय, ती बंद व्हायला हवीय?"

"ती माणसं उपाशी गावाला गेली साहेब. स्वावलंबी झाली म्हणून नाही गेली. हे असं लिहिलंत तर ती बंद पाच यंत्रं पुढच्या वर्षीही कुणी दुरुस्त करणार नाही. म्हणतील, तीनमध्ये झकास चाललंय."

मला दोघांचंही पटत होतं. आजही पटतं. बाई उठून आपल्या जागेवर गेल्या. अहवालावर तपासनिसाची सही नसेल तर कारकुनाची चालते, असं साहेबांनी कुठल्याशा परिपत्रकातून शोधून काढलं. त्यांनी मला बोलावलं. माझे वडील होळकरांच्या खजिन्यातले कारकून, संस्थान गेलं तेव्हापासून घरी बसलेले. पाठचे तीन भाऊ शाळेत. माझी नोकरी हंगामी. साहेबांनी धमकी दिली नाही. फक्त म्हणाले, "तुला कायम करण्याबद्दल मी लिहिलंय."

मी सही केली. बाई चार हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

योजना पुढच्या वर्षी चालू राहिली नाही. मध्य भारत संपला, भोपाळला नवी राजधानी झाली आणि आमच्या खात्याच्या पेट्या कायमच्या तिकडे गेल्या. मागच्या खोलीतल्या बंड्या आणि झगे तसेच पडून होते, त्यांना कसर लागली. बाईंना एका लहानशा गावात स्टेशनरीच्या गोदामावर टाकलं. तिथे माणसं नव्हती, फक्त कागदाची रिमं होती. मी त्यांना गाडीवर पोचवायला गेले होते. बोलायचं पुष्कळ होतं, पण दोघीही गाडीला उशीर का झाला याबद्दलच बोलत राहिलो.

पुढे पुष्कळ वर्षांनी, आम्ही सुदामा नगरात घर बांधल्यावर, कळलं की बाई निवृत्त होऊन पुतण्याकडे इंदुरातच आल्यात. मी भेटायला गेले. खूप थकल्या होत्या, ऐकू कमी यायचं. मी जवळ बसून मोठ्यानं म्हटलं, "बाई, निदान तुम्ही तरी सही नाही केलीत."

त्या वैतागल्या. "सही न करणं म्हणजे काय काम झालं का गं? गेंदाला यंत्र मिळालं असतं तर ते काम. माझ्या हातून ते झालं नाही."

मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं सांगून टाकलं, की ती सही माझी होती. त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, बोटं चाचपली आणि विचारलं, "नोकरी कायम झाली होती ना तुझी?"

"झाली."

"भाऊ शिकले?"

"तिघंही."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "आपल्या खात्यानं एका तरी घराला कायमची मदत केली."

त्यात टोमणा आहे की नाही हे मला कळेना. त्या पुतण्याच्या बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगत होत्या.