जाळाविना कॉफी

कोणतीही नवी वस्तू समोर आली की रामगिरवार साहेब आधी बोटाच्या पेरांनी तिच्यावर टकटक करत, मान तिरकी करून ऐकत आणि मग विचारत, "बंद पडलं तं उघडते कुठून?" हा प्रश्न त्यांनी फ्रीजला विचारला, पाण्याच्या मोटारीला विचारला आणि सहकारी संस्थेच्या नव्या नियमावलीलाही विचारला. आमच्या भागातल्या एका सभागृहाचं उद्घाटन होतं. पाहुणे गळ्यातले हार सावरत असताना साहेबांनी संगमरवरी कोनशिलेवर टकटक केली आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाले, "मांगं पोकळ हाये." शेजारी मी होतो. पुढची भाषणं मला गंभीर चेहऱ्यानं ऐकता आली नाहीत.

आमची पहिली भेटही याच टकटकीनं झाली. कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू होऊन मी चंद्रपुरात त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा ते चौकशीला आले. माझं पुस्तकांचं नवं कपाट त्यांनी वाजवलं. "सागवान म्हणून देल्लं काय तुमाले?"

"हो."

"वरतं सागवान हाये. आतमंदी भुसा हाये." मग माझा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुस्तकाले चालते. पुस्तकं काही उड्या नाई मारत. चला, कॉफी प्यायले चला."

चहाच्या मुलखात कॉफी पिणारं ते एकटं घर होतं. साहेबांची सारी नोकरी वनखात्यात, आणि त्यातली बरीचशी आलापल्लीच्या लाकूड डेपोत गेली. लिलावाआधी ते ओंडक्याच्या तोंडावर हातोडी मारून आवाज ऐकत. नागपूर-हैदराबादहून आलेले व्यापारी खिशातलं चंदनाचं अत्तर आणि तोंडातलं इंग्रजी घेऊन ओंडक्यांभोवती फिरत, आणि शेवटी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून बोली लावत. कॉफी मात्र त्यांच्या पत्नीची, सत्यवतीबाईंची. त्या गोदावरीच्या खालच्या अंगाच्या, राजमहेंद्रीकडच्या. कॉफीचे दाणे लोखंडी कढईत चमचाभर तुपावर भाजायचे, हाताच्या यंत्रात दळायचे आणि पितळी फिल्टरमधून काढा गाळायचा, ही रीत त्यांनी सिरोंच्याच्या सरकारी क्वार्टरात आणली. जंगलातल्या मुक्कामांत दूध मिळायचं नाही, म्हणून साहेबांना बिनदुधाची सवय लागली आणि पुढे ते तिचं तत्त्वज्ञान सांगू लागले. "दूध घातलं का कॉफी खोटी साक्ष देते," असं ते म्हणत.

त्या घरातून कोणी कॉफी न घेता गेला नाही. आलापल्ली, अहेरी, गोंडपिपरीकडची माणसं जिल्ह्याच्या दवाखान्यात नाहीतर कोर्टात आली की पाय आपोआप साहेबांच्या ओट्यावर येत. चारोळी विकणाऱ्या बाया यायच्या, रिटायर झालेले गार्ड यायचे. त्यांतला मडावी नावाचा म्हातारा गार्ड नेमानं यायचा. मडावीला कॉफी आवडत नव्हती. साहेबांच्या हाताखाली तो उभी नोकरी कॉफी प्याला तो निव्वळ शिस्तीपोटी. एकदा मला कुंपणापाशी गाठून म्हणाला, "गुरुजी, कडुलिंबाचा काढाबी हिच्याहून बरा. पन साहेब सोता कपात ओतून देते, तं नाई कसं म्हनाव?"

स्वतः ओतून द्यायची, हा साहेबांचा हट्ट होता. सत्यवतीबाई गेल्या तरी तो सुटला नाही. कढई, यंत्र, फिल्टर सगळं त्यांनी आपल्या हातात घेतलं. जेवणाचा डबा बाहेरून यायचा, पण कॉफी घरची.

मग काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडून खायला सुरुवात केली. ते काही सांगत नसत. फक्त टकटक वाढली. आता ते दाराची चौकट, खुर्चीची पाठ, कपाची कड असं सगळंच वाजवून बघत. एका सकाळी मी वर्तमानपत्र द्यायला गेलो तर घरात गॅसचा वास कोंडलेला. पाणी उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि साहेब शेजारीच उभे राहून काडी शोधत होते. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. ते चाचपत खुर्चीवर येऊन बसले. नंतर म्हणाले, "सुलभाले सांगू नका."

मी सांगितलं नाही, गल्लीनं सांगितलं. सुलभा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, नागपुरात बँकेत अधिकारी. ती दुसऱ्याच दिवशी आली. बोलणं भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं, आणि मी ऐकत नव्हतो असं म्हणणार नाही.

"बाबा, तुम्ही ऐकून काऊन नाही राह्यले? एक दिवस घर उडवसान तुम्ही!"

"मंग कॉफी कुठी करू?"

"माझ्याकडे चला. तिथं मी देईन ना करून."

"तेच तं. तू देशीन."

शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत ठरली. तोवर गॅसची शेगडी घरातून गेली नाही, तर बाबा घरातून जातील. ती गेल्यावर साहेब ओट्यावर येऊन बसले. "तिच्या फ्लॅटमंदी मी पाहुणाच," ते म्हणाले. "अन् मडावी आला तं? पाहुण्यानं पाहुण्याले काय द्याचं?"

दाणे स्वतः दळून, पाणी तापवून, थेट कपात कॉफी सोडणाऱ्या घरगुती यंत्राची बातमी त्यांना कोणी दिली, मला ठाऊक नाही. दोन हजार सालानंतरचा तो काळ असा होता की घरात काय-काय आपोआप व्हावं याला धरबंध राहिला नव्हता. मला ते खूळ वाटलं. विजेवर चालणाऱ्या कॉफीवाल्यासाठी चंद्रपूर हे गाव मोठं विनोदी होतं. वीज आमच्या उशाशी तयार होई, तिच्या कोळशाची राख आमच्या गच्चीवर पडे, आणि भारनियमन तरीही आमच्याच वाट्याला येई. पण साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "जाळ लागते काय त्याले?"

"नाही."

"मंग उद्या नागपूरले जाऊ."

एसटीनं गेलो. वरोऱ्याच्या स्टँडवर उतरून त्यांनी चहा नाकारला. मांडीवरच्या पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाले, "परीक्षेचा पेपर."

दुकान थंडगार होतं. टाय लावलेला एक तरुण विक्रेता पुढे आला आणि ज्या यंत्रापाशी आम्हाला घेऊन गेला ते विमानाच्या नाकासारखं दिसत होतं. पुढून सगळी काळी काच. "सर, ये पूरा ऑटोमॅटिक है. वन टच."

"टच कुठी करू?"

"कहीं भी सर, स्क्रीन पे."

साहेबांनी काचेवरून बोटं फिरवली. त्यांना हाताला काही लागेना, यंत्राला मात्र सगळंच लागत होतं. आत काहीतरी घुरघुरलं आणि खाली कप नसताना कॉफीची धार सुरू झाली. विक्रेता कपासाठी धावला. साहेब धारेचा आवाज लक्ष देऊन ऐकत होते. "याले हात कळते, पन हाताले हा नाई कळत," ते म्हणाले. "बंद पडलं तं उघडते कुठून?"

"सर, ये खुलता नहीं. सर्विस सेंटर में खुलता है. मुंबई."

"म्हंजे कॉफी प्यायची इच्छा झाली का मी मुंबईले जाऊ?"

विक्रेत्यानं माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दुसरं यंत्र कोपऱ्यात होतं. ते जाडजूड आणि जरा जुन्या धाटणीचं, म्हणून त्याच्यावर दिव्याचा झोत नव्हता. पुढे दोन गोल खटके होते, एक कॉफी किती कडक हवी त्याचा आणि एक पाणी किती हवं त्याचा. फिरवले की प्रत्येक टप्प्याला कट् असा आवाज यायचा. साहेबांनी ते दोन्हीकडे फिरवून पाहिले आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. बाजूला झडप होती. ती उघडली की काढा तयार करणारा आतला अख्खा भाग हातात निघून यायचा, नळाखाली धुवायचा आणि परत बसवायचा. साहेबांनी तो काढला, डोळे मिटले आणि बसवला. पहिल्यांदा उलटा गेला, दुसऱ्यांदा बरोबर बसला. मग प्रश्न सुरू झाले. आमच्याकडचं पाणी जड, बादलीला पांढरा थर बसतो, तो थर आत बसला तर कसा काढायचा? विक्रेत्यानं औषधाची पुडी आणि रीत सांगितली. मधेच लाइन गेली तर? तो म्हणाला, जात नाही सर. साहेबांनी वायर चाचपत जाऊन चालू यंत्राचा प्लग स्वतःच उपटला. पुन्हा लावल्यावर यंत्रानं आधी गरम पाण्याची एक चूळ भरून थुंकली आणि मग ते कामाला तयार झालं. "शहाणं हाये," साहेब म्हणाले. "तोंड धुतल्याबिगर बोलत नाई."

एवढ्यावर थांबले असते तर आम्ही दुपारच्या गाडीनं परतलो असतो. पण साहेबांनी पिशवीतला परीक्षेचा पेपर काढला, म्हणजे सत्यवतीबाईंच्या रीतीनं तुपावर भाजलेले दाणे, आणि विक्रेता "सर, सर" म्हणेपर्यंत ते वरच्या भांड्यात ओतले. यंत्र घरघरलं, कण्हलं आणि गप्प झालं. तुपाचे दाणे एकमेकांना बिलगून दळणाच्या तोंडाशी बसले होते. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "आता उघडून दाखवा."

विक्रेत्यानं टाय खांद्यावर टाकला आणि दाणे काढून, चक्की ब्रशनं घासून यंत्र सुरू करून दाखवलं. मग हात पुसत खरं ते सांगितलं. "सर, मशीन यही लो. लेकिन ये घीवाला बीन्स नहीं चलेगा. कभी नहीं. सूखा भुना हुआ ही डालना पड़ेगा."

साहेबांचा हात पिशवीतल्या उरलेल्या दाण्यांवर होता. त्या तुपाच्या वासावर ते घर उभं होतं, हे मला ठाऊक होतं. सत्यवतीबाई गेल्यावर त्यांच्या साड्या वाटल्या गेल्या, भांडी वाटली गेली; ही कढई तेवढी जागची हलली नव्हती. मग पिशवीचं तोंड बांधत ते म्हणाले, "तूप तिचं होतं. पाहुणे दोघांचे हायेत." आणि विक्रेत्याकडे वळून, "बांधा हेच."

दिवाळीला सुलभा तपासणीला आली. दवाखान्याच्या कामानं आलेला मडावीही बसला होता. यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि त्याच्या हातभर अंतरावर शेगडी, अजून जागच्या जागी. साहेबांनी कप वाजवून जागेवर ठेवला, खटका फिरवला, दळण सुरू झालं आणि लाइन गेली.

मडावीच्या तोंडावर आशा उजळली. "साहेब, ऱ्हाऊ द्या न आता. नाई पेली तं चालते."

"तुले पळायले भेटलं वाटते? बस खाली."

सुलभा दारातून एकटक त्यांच्या हातांकडे बघत होती. सवयीचा माणूस अशा वेळी काय करील हे तिला पाठ होतं. पितळी फिल्टर समोर फळीवरच होता. साहेबांचा हात ओट्यावरून सरकत शेगडीपर्यंत गेला, क्षणभर तिथे थांबला, आणि मग बाजूची खुर्ची ओढून ते बसले. आम्ही सगळे बसलो. भारनियमनाची ती अख्खी दुपार त्यांनी आम्हाला आलापल्लीच्या डेपोतल्या गोष्टी सांगत बसवून ठेवलं. शेगडीकडे ते पुन्हा वळले नाहीत. लाइन आली, यंत्रानं चूळ भरली, साहेबांनी मान तिरकी करून ती ऐकली आणि खटका फिरवला. पहिला कप मडावीला, दुसरा मुलीला.

सुलभानं घोट घेतला. आईची चव त्यात नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बापाला ते दिसत नव्हतं, पण कळलं असावं. तिनं तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "जाताना शेगडी अन् सिलिंडर घेऊन जाजो."

तिनं दुसरा घोट घेतला. "दाणे मी पाठवत जाईन, बाबा. एसटीनं. सुके भाजलेले."

त्यानंतर साहेब आपल्या घरातच राहिले, आणि आपल्या घरातच गेले. पावसाळा संपताना, झोपेत. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी लोक येऊ लागले. आलापल्लीकडून एक अख्खी जीप आली, तीत मडावी होता, काठी टेकत. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. आल्या-गेल्याला पाणीसुद्धा शेजारून येतं. ज्या घरातून कोणी कोरड्या तोंडानं गेला नाही, त्या घरात माणसं कोरड्या तोंडानं बसून होती. सगळ्यांची नजर अधूनमधून स्वयंपाकघराकडे जात होती.

सुलभा उठली, आत गेली आणि दळणाचा आवाज आला. गोंडपिपरीहून आलेली साहेबांची थोरली बहीण लगबगीनं दारात उभी राहिली. "काय करून राह्यली वो पोरी? सुतकात चूल पेटवत नसते!"

"कोण पेटवून राह्यलं, आत्याबाई? बघा ना, जाळ आहे का कुठी?"

आत्याबाईंनी वाकून यंत्राच्या खाली बघितलं, मागं बघितलं, हात लावून बघितला. शास्त्रात याची सोय नव्हती. शेवटी पदर खोचत म्हणाल्या, "मंग कप मी धुतो."

सुलभानं एकेकाला स्वतः कप नेऊन दिला. मडावीनं तो दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून तोंड वाकडं केलं.

"साहेब गेले," तो म्हणाला, "पन आजबी कडूच हाये."

आणि त्यानं कप रिकामा करून पुन्हा पुढे केला.