डाव्या हातातली कात्री

मी फोटोंची पुस्तकं जमवते असं सांगितलं की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुणाच्या लग्नाचे?" तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वी गोल आहे हे पोरांना पटवलं, पण फोटोंचं पुस्तक म्हणजे लग्नाचा अल्बम नव्हे हे पाहुण्यांना पटवणं मला आजवर जमलेलं नाही.

नवऱ्याचा आक्षेप वेगळा. "यात वाचायचं काय? पाच मिनिटांत संपतं." मी म्हणते, पाच मिनिटांत संपतं ते वर्तमानपत्र. फोटोचं पान मी दहा-दहा वर्षं बघते आणि तरी ते संपत नाही. आता ही बढाई होती हे मला गेल्या वर्षी कळलं, ते सांगते.

एकूण शंभरेक पुस्तकं असतील. बरीचशी रद्दीच्या दुकानातून आणलेली. गुळगुळीत जाड कागदामुळे ती इतकी जड, की रद्दीवाला मला लांबून बघूनच म्हणतो, "बाई, रिक्षा सांगू का?" घरात या पुस्तकांचे नियम कडक. हात धुऊन, पुसून मगच हात लावायचा. जवळपास चहा नको, शेंगाचटणी तर मुळीच नको. पुस्तक घराबाहेर न्यायचं नाही. नवरा म्हणतो, एवढं सोवळं आमच्या देवघरालाही नाही.

त्यांतलं माझं लाडकं पुस्तक म्हणजे कामकरी बायकांच्या काळ्यापांढऱ्या फोटोंचं. जुनं, पाठीचं कापड विरलेलं. त्याच्या मधल्या एका पानावर आपल्याच गावातल्या बिडी वळणाऱ्या चार बायका आहेत. ओसरीवर, मांडीत सूप आणि हातात पानं कापायची कात्री घेऊन, समोर बघत बसलेल्या. खाली नावं नाहीत, फक्त "सोलापूर" एवढंच. सुपातल्या पानांवर तिरपं ऊन पडलंय. त्या उन्हावर मी कोणालाही अर्धा तास व्याख्यान द्यायची.

गेल्या वर्षी एका दुपारी अक्का आल्या. अक्का म्हणजे आमच्या साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या. पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. वय माझ्याएवढंच, साठीला टेकलेलं. साड्या परत द्यायला आल्या होत्या. टेबलावर ते पुस्तक उघडं होतं, आणि मला तर श्रोता हवाच असतो. त्यांना हात धुवायला लावले, खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "अक्का, हे ऊन बघा."

अक्कांनी ऊन बघितलंच नाही. डावीकडून दुसऱ्या बाईवर त्यांचं बोट थांबलं.

"बाई, ही आमची अम्मा हाय की."

मला वाटलं, तिच्यासारखी दिसते असं म्हणायचं असेल. पण त्या बाईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. एक पाय मुडपून, दुसरा गुडघा उभा करून ती बसली होती. "अम्मा अशीच बसायची," अक्का म्हणाल्या. आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या. घरात तिचा एकही फोटो नाही. आता तिचा चेहरा आठवायला गेलं तर मावशीचाच चेहरा समोर येतो, हेही त्यांनी सांगितलं.

आणि मग त्यांचं बोट खाली सरकलं. "न्हाय बाई. ही न्हाय."

"का हो?"

"हिच्या डाव्या हातात कात्री हाय. आमच्या अम्माची कात्री उजव्या हातात. मी तिच्या उजवीकडं बसले की वरडायची, कात्री लागंल, तिकडं बस. मी कायम डावीकडं बसायची. चेहरा मी विसरंन, बाई, पर ती जागा कशी विसरंन?"

त्यांनी पुस्तक हळूच मिटलं, साड्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि चहा न घेता गेल्या. मला फार वाईट वाटलं. दाखवलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका कार्यक्रमाला निघाले होते. आरशासमोर उभी राहून खांद्यावर पदर टाचत होते. टाचता टाचता आरशातल्या बाईकडे बघितलं आणि हातातली पिन तशीच राहिली. आरशात माझा पदर जिकडे, पुस्तकातल्या चौघींचा पदरही तिकडेच! समोर बसलेल्या बाईचा पदर असा दिसत नाही, उलट्या बाजूला दिसतो. धावत जाऊन पुस्तक उघडलं. चौघींच्याही उजव्या खांद्यावर पदर. एकीचा असता तर म्हटलं असतं, तिची पद्धत. चौघी कशा? छापताना फिल्म पालथी पडली होती आणि अख्खा फोटो उलटा छापला गेला होता. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं.

जन्मभर साडी नेसणारी मी आणि दिवसभर साड्याच हाताळणाऱ्या अक्का, दोघींना पदर दिसला नव्हता. मी तर ते पान बारा वर्षं बघत होते. ऊन बघत होते, बाया बघतच नव्हते. मला माझी लाज वाटली, आणि हसूही आलं.

कार्यक्रम राहिला बाजूला. पुस्तक टॉवेलात गुंडाळलं आणि निघाले. "घराबाहेर?" नवरा ओरडला. मोबाइलमध्ये फोटो सुलटा करता येतो हे त्याने नंतर सांगितलं. त्या वेळी मला आरसाच सुचला.

अक्का मशीनवर बसल्या होत्या. काही न सांगता मी त्यांना उठवलं, लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभं केलं आणि उघडं पुस्तक त्यांच्या छातीशी धरायला लावलं. "आता आरशात बघा. कात्री कुठल्या हातात आहे?"

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "उजव्या," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

आरशात दोघी एकीखाली एक दिसत होत्या. वर अक्का, पिकलेले केस, नाकावर चष्मा. खाली त्यांची आई, फार तर पंचविशीची. अक्कांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली, आणि एकदम हसल्या. "बाई, ही तर माझ्या धाकट्या पोरीएवढी हाय की! लई बारीक हाय हो."

तेलुगूत आईला अम्मा म्हणतात, आणि लाडक्या लेकीलाही अम्माच म्हणतात. अक्का आरशाच्या आणखी जवळ गेल्या आणि अगदी हळू आवाजात त्या पोरीला विचारलं, "अन्नं तिन्नावा, अम्मा?" जेवलीस का गं?