कोरडी वाकळ

धोंडुबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळं गाव म्हणायचं, आणि गाव उगीच म्हणत नव्हतं. एकदा शेजारच्या रंगूबाईच्या लेकीला बघायला पाहुणे आले. जेवताना त्यातल्या एका बाईने सहज विचारलं, "पोळ्या पोरीनंच केल्यात वाटतं?" वाढायला उभ्या असलेल्या धोंडुबाईने जागच्या जागी सांगून टाकलं, "न्हाई, म्या केल्यात. तिला कुठं जमत्यात!" सोयरीक जमली ती पोरीच्या नशिबाने. रंगूबाई मात्र वर्षभर धोंडुबाईच्या दारावरून मान फिरवून जात होती.

तेव्हा अशा बाईने रोज सकाळी भावाच्या पोराची ओली वाकळ वलणीवर टाकली, तर ती खरोखरच पोराने ओली केली की नाही, ही शंका कुणाला येणार? येण्याचं कारणच नव्हतं.

कोरेगावपासून कोसावरचं गाव. धोंडुबाईचं ते माहेर. लग्न होऊन ती खटावकडे गेली, आणि चार पावसाळे झाले नाहीत तोवर नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी धड हाकललंही नाही आणि धड ठेवूनही घेतलं नाही. मग तिची आई साळूबाई स्वतः गेली आणि लेकीला घेऊन आली. तेव्हापासून म्हशींची धार, शेण, भांगलण, सुगीत खळं, यात तिचं आयुष्य निघालं होतं. चाळिशी आली. घरात तिची अडचण कुणाला नव्हती आणि गरजही फारशी कुणाला नव्हती. कधी एखाद्या लग्नात बायका ओळीने पोरं मांडीवर घेऊन बसायच्या, तेव्हा ती आपण होऊन चुलीकडे जायची.

तिचा धाकटा भाऊ अर्जुना इस्लामपूरला साखर कारखान्यात लागला होता. राहायला दोन खोल्या, नळाला पाणी सकाळी घटकाभर. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत त्याची बायको अंजना दुसऱ्यांदा बाळंत झाली, मुलगी झाली. थोरला सया तेव्हा सव्वादोन वर्षांचा. ऐन गाळपाचा हंगाम, अर्जुनाची रात्रपाळी, तान्हीची दुपटी एकीकडे आणि सयाची अंथरुणं दुसरीकडे. नळाचं पाणी दुपट्यांनाच पुरेना. शेवटी साळूबाईने निकाल दिला, "सयाला हितं ऱ्हाऊ दे. धोंडीजवळ निजंल. वाकळ कोरडी ऱ्हायला लागली की घिऊन जा." अंजनाने मान डोलावली. पोराला सोडून एसटीत बसताना मात्र तिने तोंडात पदर कोंबला होता.

सया असा धोंडुबाईच्या कुशीत आला. तिने त्याच्यासाठी जुन्या लुगड्यांची लहानशी वाकळ शिवली, खाली अर्जुनाने आणलेलं मेणकापड घातलं, आणि रात्री लंगोटात जुन्या धडुत्याची चांगली जाड घडी बांधून त्याला निजवायची. आधी आधी पोर रडलं. मग रडायचं थांबलं. मग एक दिवस दुपारी ती शेतातून आली, तर हे बेणं उंबऱ्यावर बसून तिचीच वाट बघत होतं. एवढ्या वर्षांत त्या उंबऱ्यावर बसून तिची वाट कुणी बघितली नव्हती. धोंडुबाई डोक्यावरची वैरण तशीच घेऊन त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा साळूबाई आतून ओरडली, "अगं, भारा तरी टाक खाली!"

संक्रांत झाली आणि सकाळी लंगोटातली घडी कोरडी निघायला लागली. आधी अधूनमधून, मग रोज. पोर आता रात्री आपण होऊन तिला उठवायचं, ती त्याला अंगणात नेऊन आणायची. दिवसाही सांगायला लागलं होतं. एका रात्री तिने लंगोट बांधलाच नाही. म्हणाली, बघू तर खरं. पहाटे उठल्याउठल्या तिने वाकळीवरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत ठणठणीत कोरडी. तिला इतका आनंद झाला की "आये" म्हणून हाक मारायला तिने तोंड उघडलं.

आणि तसंच मिटलं. वाकळ कोरडी ऱ्हायला लागली की घिऊन जा.

उशाशी पाण्याचा तांब्या होता. धोंडुबाईने तो उचलला आणि वाकळीवर मधोमध ओतला. हात तिचाच होता, पण ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी बघत होती. मग वाकळ काखोटीला मारून ओढ्यावर गेली, धुऊन आणली आणि सगळ्यांना दिसेल अशी वलणीवर टाकली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर सवयच झाली. माघातली थंडी, ओढ्याचं पाणी हाडांत शिरायचं, बोटं भेगाळली. पण कोरडी वाकळ ओली करायची आणि ओली केलेली परत कोरडी करायची, हा उद्योग बाईने सोडला नाही. काम चुकवायला खोटं बोलणारी माणसं गावात पैशाला पासरी होती. खोटं टिकवायला दुप्पट काम करणारी ही एकटीच.

शिमग्याच्या आधी अंजना तान्हीला घेऊन एका दिवसासाठी आली. अंगणात पाय टाकल्या टाकल्या तिची नजर वलणीवर गेली.

"अजून न्हाई का, वन्सं?" तिने विचारलं.

"न्हाई गं. ल्हान हाय अजून."

"येवढ्या वयात आमच्या शेजारनीचं पोरगं..." एवढं बोलून अंजना थांबली. सया तिच्याकडे आला खरा, पण पाहुण्याकडे यावं तसा आला आणि थोड्या वेळाने धोंडुबाईच्या लुगड्यामागे जाऊन उभा राहिला. अंजनाचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. त्या दिवशी धोंडुबाईला भाकरी गेली नाही. आपण एका आईचं पोर दडवून ठेवलंय, हे तिला पुरतं कळत होतं. उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली. उद्याही तिने तांब्या ओतला.

पण पाप करावं आणि ते एखाद्या लेकराच्या डोक्यावर ठेवावं, हे किती दिवस चालणार! एका सकाळी ती ओढ्यावर वाकळ आपटत होती, शेजारी सया खड्यांशी खेळत होता. रंगूबाई धुणं घेऊन आली आणि नेहमीसारखी म्हणाली, "काय रं मुतऱ्या, आज बी भिजवलीस व्हय?"

रोज हे ऐकून घेणारं पोर त्या दिवशी उभं राहिलं. "म्या न्हाई!" ते म्हणालं. "आत्तीनं केली!"

रंगूबाई हसून हसून बेजार. "बघा की! येवढंसं हाय, आन थापा बघा कसल्या! लाज न्हाई वाटत व्हय रं, आत्तीचं नाव घ्याया?"

सयाने धोंडुबाईकडे बघितलं. खरं बोलूनही आपल्याला का हसतात, ते त्याला कळेना. ओठ थरथरायला लागले. ते मात्र धोंडुबाईला बघवलं नाही.

"त्याला काय बोलू नगंस," ती म्हणाली. "त्यो लय दीस झालं कोरडाच निजतोय."

रंगूबाईचं हसू थांबलं. तिने वाकळीकडे बघितलं, धोंडुबाईकडे बघितलं आणि आपल्या परीने हिशेब करून टाकला. धुणं तसंच टाकून ती जी निघाली, ती थेट साळूबाईपुढे.

धोंडुबाई घरी पोचली तेव्हा साळूबाईने दार लोटून घेतलं. "धोंडे, तुला ह्यो आजार कवापासनं?" तिने हळू आवाजात विचारलं. "आईला बी सांगितलं न्हाईस?"

आता खरं सांगायची वेळ होती. पण चाळीस वर्षांच्या बाईने, मी रोज अंथरुणावर पाणी ओतत होते, हे आईला कुठल्या तोंडाने सांगावं? त्यापेक्षा आजार बरा. आजाराला लोक कीव तरी करतात. धोंडुबाईने मान खाली घातली. "झालं आसंल म्हैना-दोन म्हैनं," ती पुटपुटली.

झालं. एक खोटं झाकायला दुसरं घेतलं, आणि पदरात काय पडलं? पोर गेलंच, वर आजार आला. साळूबाईने त्याच दिवशी इस्लामपूरला निरोप धाडला की सया कोरडा झाला, येऊन घिऊन जा. आणि अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना देतात तसे लेकीला रोज सकाळ-संध्याकाळ मूठभर काळे तीळ आणि गूळ खायला बसवलं. समोर बसून खायला लावायची, एक दाणा चुकवू द्यायची नाही.

अंजना आली ती हरखूनच आली. सयाला छातीशी धरून तिने त्याला इतकं कुरवाळलं की पोर गुदमरलं. मग सासूशी काहीतरी कुजबुज झाली. थोड्या वेळाने अंजना धोंडुबाईला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने पिशवीतून एक घडी काढली. मोठं, कोरं मेणकापड.

"वन्सं, लाजू नगा," ती म्हणाली. "माणसाला हुतंय. तुमी माझं पोरगं सांभाळलं, त्याची सगळी घाण काढली. म्या तुमच्यासाठी येवढं न्हाई आणायचं व्हय? इस्लामपूरला या, तिथल्या डाक्टरला दावू."

धोंडुबाईने ते मेणकापड हातात घेतलं. ती दावणीशी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. पहिला तांब्या, ओढा, वलण, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही. सांगताना तिने वर बघितलं नाही.

अंजनाचा चेहरा पांढरा झाला. "वन्सं!" ती म्हणाली. "आवं, मला वाटायचं माझ्या पोराला कायतरी खोड हाय! शेजारनी इचारायच्या, म्या खोटं सांगायची. रातपाळीला ह्ये गेलं की तान्हीला मांडीवर घिऊन रडत बसायची म्या. औंधच्या यमाईला नवस बोलल्ये. आन हितं तुमी..."

म्हैस शेपटी हलवत दोघींकडे बघत होती. अंजना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. आपण या पोरीला रडवलं, असं वाटून धोंडुबाईचा जीव अर्धा झाला. ती उठून जवळ गेली, तर अंजना तोंडावर पदर धरून हसत होती.

"आन तीळ?" तिने कसंबसं विचारलं. "तीळ खाल्लं तुमी?"

"मूठमूठ," धोंडुबाई म्हणाली. "दोन टायमाला."

मग काय विचारता! हसता हसता अंजना खालीच बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते काही सगळंच हसण्याचं नव्हतं. पोर धड होतं. वन्सं धड होती. कुणाला काही झालं नव्हतं. धोंडुबाईलाही हसू फुटलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "गोठ्यात काय चाललंय गं?" साळूबाईने बाहेरून विचारलं. दोघींनी तोंडावर पदर दाबले.

"राग गेला न्हाई माझा," डोळे पुसत अंजना म्हणाली. "नवस अनवाणी डोंगर चढायचा हाय. वटी म्या भरीन. अनवाणी तुमी चढायचं, आन ह्या गड्याला काखंत घिऊन."

"चढीन की," धोंडुबाई म्हणाली.

आणि चढली. ऊन तापलेलं, पायऱ्या तापलेल्या, सया काखेत, आणि अंजना मागून तान्हीला घेऊन, पायात चपला घालून ऐटीत. अर्ध्या वाटेत भावजयीलाच दया आली. म्हणाली, टेका जरा. धोंडुबाई टेकली नाही. वर जाऊन तिने देवीपुढे डोकं ठेवलं आणि मोठ्याने सांगितलं, "आई, खोटं बोलल्ये." पुजारी बघतच राहिला.

उतरून दोघी एसटीच्या वाटेवर एका लिंबाखाली बसल्या. सया धोंडुबाईच्या मांडीवर झोपला होता. इथूनच अंजना पोरांना घेऊन कराडच्या गाडीने पुढे जाणार होती आणि धोंडुबाई माघारी.

"रातीचं कसं करायचं, त्ये सांगा," अंजना म्हणाली.

"काय बांधू नगंस," धोंडुबाई म्हणाली. "निजताना पदर त्याच्या मुठीत द्यायचा. शू लागली की त्यो वडतुया. डोळं मिटलेलंच असत्यात. 'आत्ती, शू,' आसं म्हंतो. तवा लगीच उठायचं, येळ लावायचा न्हाई. आन रागं भरायचं न्हाई." ती थांबली. पोराच्या कपाळावरचा घाम तिने पदराने टिपला. "तिथं बी त्यो आत्तीच म्हणंल गं. झोपंत त्याला काय कळतंय? चार-आठ दीस म्हणंल, मग इसरंल. तू वाईट वाटून घेऊ नगंस."

अंजनाने तान्हीला एका हातावर घेतलं आणि दुसरा हात सयासाठी पुढे केला.

"म्हणू द्या की, वन्सं," ती म्हणाली. "आत्ती म्हणाला तरी म्या ओ दीन."

धोंडुबाईने सयाच्या मुठीतून आपला पदर हळूच सोडवला, अंजनाच्या पदराचं टोक त्या मुठीत दिलं आणि पोराला तिच्या मांडीवर ठेवलं.