उमरावनं बोलावलेली मंडई

आमच्या चिचटोल्यात मंडई भरत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यावरच उभा आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की प्रत्येक मोठ्या गावाचा एकेक दिवस मंडईचा. दुकानं लागतात, दंडारीत राजा-राणीची सोंगं नाचतात-गातात, पावण्यांनी घरं भरतात आणि लग्नाच्या पोरापोरींना सहज फिरता फिरता पाहून घेतलं जातं. चिचटोला म्हणजे तलावाच्या पाळीखाली उन्हाला बसलेली मूठभर कौलारू घरं. आम्हाला कोण दिवस देणार? आम्ही दुसऱ्यांच्या मंडयांत जेवून येणारे लोक.

आणि जेवणाऱ्यांत पहिला, माझा शेजारी उमराव. आमच्या दोन अंगणांमध्ये एक तुराट्यांचं कुंपण आहे. तुराट्यांतून वारा येतो तशा गोष्टीही येतात, त्याला माझा इलाज नाही. उमरावचे आजे-पणजे तलाव बांधणारे. ती बांधायची कला त्याच्यापर्यंत येता येता मफलरीपुरती उरली. लढाई संपल्यावर अर्जुनीच्या बाजारात विकायला आलेला एक मिलिटरीचा कोट त्यानं घेतला होता. थंडी पडली की तो कोट अंगावर चढे आणि होळीला उतरे. त्याची पितळी बटणं पाहून स्टेशनवर लोक त्याला गाडीची वेळ विचारत. आणि हा सांगे! 'मले मालूम नाई' हे शब्द त्याच्या तोंडात बसतच नसत. त्याच्या भरवशावर गोंदियाला निघालेले किती लोक चांद्याला पोचले, देव जाणे.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडाशी आम्ही मध्यप्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. कोणी बंडी जुंपली नाही, कोणी गाठोडं बांधलं नाही. उमरावच्या मनावर याचा फार परिणाम झाला.

"पाह्य हिरालाल," तो मला म्हणाला, "सरकारनं नुसतं बोललं, अन् झालं. बोलनं मोठी चीज हाय गड्या."

मग मंडयांचा आठवडा लागला. धान कापणीला आलेला, त्याची बायको मनकर्णाबाई विळा घेऊन बांधावर, आणि उमराव कोट घालून बंडीत. शेजारधर्म म्हणून मीही. सकाळी दव पडलेल्या वाटेनं निघायचं, बैलांच्या तोंडातून वाफ, आमच्या तोंडातून विडीचा धूर. पोचलं की ओळखीच्या घरी तिखट रस्सा, मग गरम जिलबी, मग दंडार पाहत पेंगणं. एका मंडईत फोटोवाल्यानं पडद्यावर मोटार रंगवली होती. उमराव तिच्यापुढे असा बसला, की फोटो निघाल्यावरही उठेना. "जरा दम घे ना," म्हणाला, "आताच तं पोचलो."

आता रीत अशी, की ज्यानं मंडईत जेवू घातलं त्याला निघताना 'आमच्या मंडईले येजा' म्हणायचं. ज्यांच्या गावाला मंडई नाही ते 'घरी येजा' म्हणतात. मी तसंच म्हणत होतो. उमराव मात्र पहिल्याच गावी म्हणाला, "ऐतवारी आमच्या मंडईले येजा बरं!" मला वाटलं, रस्सा जास्त झाला. दुसऱ्या गावी पुन्हा तेच. तिसऱ्या गावी तर ओळख नसलेल्यांनाही.

चौथं गाव महालगाव. तिथले जागेश्वर म्हणजे मोठे शेतकरी, आणि त्यांच्या पोरासाठी उमरावच्या पोरीची, प्रेमिलाची गोष्ट चाललेली.

"पोरगी पाहाले कवा येऊ?" जागेश्वरांनी विचारलं.

"ऐतवारी या ना. आमची मंडई हाय."

"चिचटोल्याले मंडई?"

"जबर मंडई! दंडार हाय, मोठा गोल फिरता झुला हाय."

जागेश्वरांनी सुपारी कातरायची थांबवली. "येतो. पन सांगून ठेवतो उमरावभाऊ, गोठ खोटी निघाली तं सोयरीक नाई."

परतताना मी म्हणालो, "कायले बोलला बे?"

"निघून गेलं तोंडातून."

"अन् झुला?"

"त्याच्याच मागं तो बी निघाला."

मनकर्णाबाईला मी काही सांगितलं नाही. माझ्या बायकोला सांगितलं, जरा मोठ्यानं. कुंपणापलीकडे भांडं आदळलं.

"काहो प्रेमिलाचे बाबूजी, मंडई कुठून आनता? कोटाच्या खिशात हाय का?"

"पोटात दुखून राहिलं मह्या."

"दुखनच! चार गावची मंडई हाय त्या पोटात. पोरीची सोयरीक मोडली तं त्या कोटाचं पोतेरं करीन!"

उमराव खाटेवर कोटासकट आडवा झाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. एकुलती एक पोर, आणि असं घर पुन्हा चालून येणार नव्हतं. प्रेमिला चुलीवर शिंगाडे उकडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंडईले लागते काय? लोकं. ते तं बाबूजी बोलावूनच आले."

मग आम्ही कामाला लागलो.

रविवारी सकाळी तलावाखालच्या मोकळ्या जागेत ज्याच्या घरी जे होतं ते त्यानं मांडलं. मनकर्णाबाईनं गावातल्याच नंदाबाईची पाण्याची पितळी गुंडी खरीदली, नंदाबाईनं मनकर्णाबाईची सुपं, आणि गिऱ्हाईक दिसावं म्हणून दोघी भांडल्याही. त्यातलं थोडं भांडण खरं होतं. उमरावनं आपली बंडी आडवी पाडली. वरचं चाक आभाळाकडे तोंड करून मोकळं फिरायला लागलं, त्यावर पोरं बसवली. झुला झाला. दंडारीत राणी मी झालो. लुगडं बायकोचं, मिशी माझीच. ती काढायला वेळ मिळाला नाही.

आणि लोक आले! चारही गावांतून बंड्यांच्या रांगाच्या रांगा. रांगा पाहून सडकेनं चाललेला जिलबीवाला वळला, त्याच्या मागे कासार वळला, कासाराच्या मागे फुगेवाला. दुपारपर्यंत अशी गर्दी झाली, की उमराव स्वतःच्या गावात चुकला आणि एका पावण्याला विचारू लागला, "भाऊ, उमरावचं घर कोनतं?"

इतक्यात जागेश्वर आले. दुकानांवरून नजर फिरवत चाकापाशी थांबले.

"हा झुला?"

"मुंबई राज्याचा हाय," उमराव म्हणाला. "नवा."

मग दंडारीपाशी. "राणीले मिशी?"

"म्हातारी हाय राणी."

जागेश्वर पुढे सरकले. टोपलीभर शिंगाडे घेऊन एक पोरगी बसली होती, तिच्यापुढे उकिडवे बसले. ती प्रेमिला आहे हे त्यांना कुठून ठाऊक? घरी दाखवायची म्हणून आम्ही ओळख दिली नव्हती.

"काऽ वो पोरी, ही मंडई कवापासून भरते?"

मी गाता गाता थांबलो. उमरावनं कोटाचं बटण असं पिळलं, की ते हातातच आलं.

"तुमी आले तवापासून," प्रेमिला म्हणाली.

"अन् आंधी?"

"आंधी कापनी चालू होती."

"अन् तो झुला?"

"मह्या बापाची बंडी हाय. सांजी धान वाहाले लागते. बसाचं असन तं आताच बसून घ्या."

जागेश्वरांनी शिंगाडा सोलला, तोंडात टाकला, तिच्याकडे पाहिलं, उमरावकडे पाहिलं. मग उठले, धोतर सावरलं आणि त्या चाकावर जाऊन बसले. "फिरवा इवाई," म्हणाले. उमरावला चक्क व्याही म्हणाले!

उमरावनं फिरवलं. महालगावचा एवढा मोठा माणूस दोन्ही हातांनी आरे धरून गोल गोल फिरतो आहे, फेटा सुटून शेपटासारखा मागे, आणि सगळी मंडई टाळ्या पिटते आहे!

संध्याकाळी मनकर्णाबाईनं प्रेमिलाला नवं लुगडं नेसवून बाहेर आणलं, तर जागेश्वर खाटेवर डोळे मिटून पडलेले. "आता नोका दाखवू," म्हणाले, "मले भोवर येऊन राहिली, एकाच्या दोन दिसतीन. पोरगी पाह्यली मी दुपारीच. पसंत हाय." मग एक डोळा उघडून, "पन मंडई दरसाल पाहिजे. इवायाच्या मंडईले गेलो नाई तं लोकं काय म्हनतीन?"

मनकर्णाबाईनं डोळ्याला पदर लावला. सगळं छान झालं होतं. आता उमरावनं फक्त गप्प राहायचं होतं.

"येजा ना!" तो म्हणाला. "पुढच्या साली हत्ती हाय."

लगीन झालं, वर्ष सरलं, दिवाळी तोंडावर आली. चार घोंगड्या शिवून तयार आहेत. मागचे दोन पाय मी व्हायचं ठरलं आहे.