घरातलं इंग्रजी

आमच्या घरात तासाला 'हवर' म्हणत. 'हवर झाला, चहाचा पत्ता नाही,' असं बाबा आईला म्हणायचे आणि आई निमूट आधण ठेवायची. बाबा बडोद्याबाहेर कोयलीच्या बाजूला एका कंपनीत स्टेनो होते. ऐकायला एकसारखे इंग्रजी शब्द लिहिताना मुलं हमखास गोंधळतात, म्हणून त्यांनी घरात शिस्तच घातली होती: शब्दात जेवढी अक्षरं, तेवढी तोंडातून आली पाहिजेत. जाणणे म्हणजे 'क्नो', नाही म्हणजे 'नो'. लिहिणे 'व्राइट', बरोबर 'रिघट'. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की डिक्टेशन. माझं कधी चुकलं नाही. मराठी शाळेत आणि पुढे कॉलेजातही इंग्रजी लिहायचं असे, बोलायचं नसे. टीव्हीवरचे लोक भराभर बोलण्याच्या नादात अक्षरं गाळतात, असं मी खुशाल धरून चालले होते.

मग बडोद्यात गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि दर रविवारी पोह्यांच्या बशा घेऊन स्थळांपुढे जात होते. नोकरी लागली तर हे पोहे थांबतील, एवढंच मला दिसत होतं. फतेगंजमधल्या एका शाळेने वर्गावर शिकवून दाखवायला बोलावलं. बाबा स्कूटरवरून सोडायला आले.

मी खणखणीत आवाजात डिक्टेशन घातलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "आ कई भाषा छे?" ही कुठली भाषा, हे तिने मलाच विचारायचं होतं! पण वह्या तपासल्या तर सगळ्यांचं सगळं बरोबर.

मुख्याध्यापिकाबाई गोंधळून कधी वह्यांकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या. "लखवामां तो एकेय भूल नथी," त्या म्हणाल्या, "पण बेन, तमे बोलो छो शुं?" लिखाणात चूक नाही आणि बोलणं कळत नाही. हे काय असतं? उच्चार सुधारून सोमवारी पुन्हा या, असं त्यांनी सांगितलं.

खाली आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला.

"क्नो म्हणालीस? वर्गात?"

"मग काय म्हणायचं?"

"अगं, ते घरातलं. लिहिताना चुकू नये म्हणून. बाहेर 'नो' म्हणतात."

"आणि नाहीला?"

"त्यालाही नो."

"मग समोरच्याला कळतं कसं?"

"पुढचं ऐकायचं. आपोआप कळतं."

माझं डोकं फिरलं. हे मला आधी सांगायला काय झालं होतं?

त्या दिवसापासून बाबा घरात ऑफिसातलं इंग्रजी बोलायला लागले. गुळगुळीत, झरझर, एकाही अक्षरावर न अडखळणारं. आमच्या गॅलरीत कुणी परका साहेब येऊन बसल्यासारखं वाटे. इतकी वर्षं ते हे इंग्रजी ऑफिसातच ठेवून घरी येत होते. मला राग आला, अभिमान वाटला आणि उगीचच एकटंही वाटलं. यातलं खरं कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही. आईचाही गोंधळ उडाला. "आज हवर झाला नाही का?" ती चहा घेऊन येऊन विचारायची. बाबा नुसता कप उचलून घेत.

सोमवारी मी सगळं गुळगुळीत बोलले. निम्म्या वर्गाने लिहिणे आणि बरोबर यांची अदलाबदल केली. बाई मात्र खूश. "हवे बराबर!" आता बरोबर, असं म्हणाल्या. मुलांचं बरोबर आलं तेव्हा मी चूक होते, आणि मुलांचं चुकलं तेव्हा मला नोकरी मिळाली. काय समजायचं माणसाने?

बाबा फाटकाशी उभे होते. माझा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. शाबासकी वगैरे काही नाही. त्यांनी स्कूटरला किक मारली आणि मागे वळून, अगदी पूर्वीसारखं, विचारलं, "रोज किती हवर?"

मला एकदम रडू फुटलं.

"पाच हवर," मी म्हणाले आणि त्यांच्या मागे बसले.