शिळफाट्याची सर्किट-वही

सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत रेडिओवाल्यांच्या गप्पा चालतात. आमच्याकडे ते तापत आलं की लाइट जायची, म्हणून आमचे किस्से जरा जास्तच साठले.

मी तेव्हा खोपोलीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. शिळफाट्याला सदाशिव गायकवाडचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कुठला पार्ट कुठं जोडायचा ते दाखवणारी सर्किटं ज्याच्याकडे असत तो दडवून ठेवी. सदाशिव म्हणाला, "आपण सर्किटांची वही छापू. कुणीपण उतरवून घ्यावं." कर्जतच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या सुमनताईंनी स्टेन्सिल काढून द्यायचं कबूल केलं. त्यावरून प्रती काढायला शाळेचं सायक्लोस्टाइल मशीनही मिळालं. राहिला कागद आणि शाई.

*

भातगिरणीच्या शेटकडे गेलो.

"कितीला विकणार?" शेटने विचारलं.

"विकायची नाय. फुकट वाटायची."

"फुकट वाटायची तर पैसे कशाला लागतात?"

शेवटी पहिल्या पानावर आपला फोटो छापायच्या अटीवर शेट तयार झाले. सायक्लोस्टाइलवर फोटो येईना, म्हणून सुमनताईंनी त्यांचं चित्र काढलं. चित्र हुबेहूब होतं, पण छापताना मिशीतली शाई हनुवटीपर्यंत पसरली. शेटने प्रत बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाले, "हे पान काढा. दुसऱ्या अंकाचेही पैसे देतो. त्यातही घालू नका."

*

पैसे आले, पण सर्किटं देणारी माणसं मिळेनात. दुकानावर पाटी लावली: 'सर्किटं पाहिजेत.' आठवड्यानं कोंडाण्याचे काशीनाथ नावाचे शेतकरी कोळशानं काढलेला कागद घेऊन आले. भातात रानडुकरं शिरायची, म्हणून त्यांनी बांधावर तार ताणून तिला सेलवरची घंटा जोडली होती.

"ह्ये सर्किट हाय का नाय, मला ठाव नाय. पन डुकरं पळतात."

सदाशिवनं कागद नीट पाहिला. "सेल किती दिवस पुरतात?"

"ते डुकरांवर हाय."

छापलं आम्ही. सगळ्यात जास्त उतरवून नेलेलं पान तेच.

*

भिवपुरीहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. 'पान सातवरचं सर्किट चार वेळा तपासलं. चूक सापडली नाही. रेडिओही लागत नाही.'

आम्ही दोघं तीन दिवस त्या पानावर बसलो. पार्ट बरोबर, आकडे बरोबर. रविवारी सुमनताई आल्या. त्यांनी वरून एकदा पाहिलं.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण ही रेघ कुठंच पोचत नाहीये."

एरियलची रेघ होती, केसभर आधीच थांबलेली. काढली होती त्यांनीच. पुढच्या अंकात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पान सातवरची रेघ पोचवली आहे.'

*

खोपोली बाजारातले बाबूराव आमच्यापेक्षा जुने मेकॅनिक. त्यांच्या अँप्लिफायरचा आवाज पार डोंगराला लागायचा. सर्किट द्या म्हणून आम्ही चारदा गेलो. चारही वेळा एकच उत्तर, "मला पोट हाय." कुणी उतरवू नये म्हणून ट्रान्झिस्टरवरचे नंबरसुद्धा ते ब्लेडनं खरवडून टाकत.

जयंतीच्या आदल्या दुपारी तेच बाबूराव दुकानात आले. सोबत त्यांनीच बनवलेला बुद्धविहाराचा अँप्लिफायर होता, मुका झालेला. मिरवणूक सदाशिवच्याच वस्तीची.

"ह्यो ट्रान्झिस्टर जळलाय," बाबूराव म्हणाले, "पन नंबर कुठला व्हता ते आठवत नाय. खरवडला मीच."

सदाशिवनं वही काढून त्यांच्यापुढं उघडली. अँप्लिफायर मागं एकदा फ्यूजसाठी त्याच्याकडे आला होता. तेव्हा त्यानं सर्किट उतरवलं होतं आणि एकेक ट्रान्झिस्टर लावून बघत नंबर जुळवले होते. ते पान छापलंय हे बाबूरावांना ठाऊक नव्हतं. आता भांडण होणार, असं मला वाटलं.

बाबूरावांनी नंबर वाचला. सदाशिवनं ड्रॉवरमधून तसला ट्रान्झिस्टर काढून लावला. माइकमध्ये 'हॅलो' म्हटलं, तर समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली.

बाबूरावांनी वही पुन्हा ओढून घेतली. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'सर्किट: बाबूराव मेकॅनिक, खोपोली.'

"माझं नाव कुनी टाकलं?"

"सर्किट तुमचं हाय," सदाशिव म्हणाला.

बाबूरावांनी सदाशिवच्या खिशातलं पेन काढलं, एका रेझिस्टरचा आकडा खोडला आणि शेजारी दुसरा लिहिला.

"ह्यो चुकलाय रं. माझ्या नावावर असलं छापू नको."